अर्ध्या वाटेवरची मिनर्व्हा

मार्कियो ब्रेसान आणि ओर्सेत्ता गाम्बारिन यांची पहिली भेट जमिनीपासून बावीस फूट उंचीवर झाली. ती स्वर्गातून पृथ्वीवर चालली होती आणि तो पृथ्वीवरून स्वर्गात.

तिच्या डोक्यावर तुऱ्याचं शिरस्त्राण होतं, एका हातात भाला, दुसऱ्या हातात परातीएवढी ढाल आणि खांद्यावर खऱ्या पिसांचं घुबड. अंगावर सोनेरी पत्र्याचं चिलखत असं काही चकाकत होतं की सान मार्को चर्चच्या घुमटांनी ते पाहिलं असतं तर शरमेनं मान खाली घातली असती. त्याच्या अंगावर गुडघ्याला ठिगळ लावलेली विजार होती, काखेतून ओवलेला दोर होता आणि चेहऱ्यावर वाळत घातलेल्या माणसाचा भाव होता. दोघांच्या मध्ये रंगवलेल्या कापडाचा ढग आणि त्या ढगाला हातभर फट. ढगाच्या पुढच्या बाजूनं चारशे माणसं मिनर्व्हा देवीकडे डोळे लावून बसली होती. मागच्या बाजूनं मार्कियोकडे फक्त घुबड पाहत होतं.

त्या घुबडाचं एक पीस सुटलं. त्यानं हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि एवढं थोरलं व्हेनिस शहर मोकळं सोडून ते नेमकं मार्कियोच्या नाकात शिरलं. मग जी शिंक आली तिला शिंक म्हणणं हा तिचा अपमान होईल. ढग फुगला, पहिल्या तीन रांगांतल्या मेणबत्त्या आडव्या झाल्या, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बॉक्समध्ये एक सरदारीणबाई "तुर्क आले!" म्हणून नवऱ्याला बिलगल्या. त्या नवऱ्याला बिलगल्याला एकवीस वर्षं झाली होती, असं त्यांची मोलकरीण नंतर सांगत होती.

ओर्सेत्तानं ओठ न हलवता विचारलं, "रुमाल नाही का तुमच्याकडे?"

मार्कियोला उत्तर सुचलं तेव्हा ती पृथ्वीवर पोहोचली होती आणि त्याचं डोकं छपराच्या तुळईला टेकलं होतं. भेट संपली.

आता माणूस असा दोराला टांगलेला का होता, ते सांगायला हवं. गोदीच्या भिंतीमागचं ते थिएटर व्हेनिसमधलं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत दमट होतं. देव खाली उतरवायचा तर दोराच्या दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन लागतं, हे कुणालाही कळतं. मोठ्या थिएटरांत त्यासाठी शिशाचे ठोकळे असत. इथं वाळूची गोणी होती. पण कार्निव्हलच्या दिवसांत खाडीवरून धुकं आलं की वाळू पाणी प्यायची आणि गोणी जड व्हायची. आदल्या वर्षी ज्युपिटर खाली येण्याऐवजी सुसाट वर गेला आणि छपराला आपटून त्याचं देवपण निखळलं, म्हणजे दाढी, मुकुट आणि पुढचे दोन दात. तेव्हापासून तोमा मिस्त्रींनी गोणीवर विश्वास टाकणं सोडून दिलं.

तोमा मिस्त्री सत्तरीचे, अंतर्गळाचा पट्टा बांधणारे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा दोष दमट हवेला देणारे. त्यांनी हिशेब केला की माणूस काही धुकं पीत नाही. पिणारा दारू पितो, पण न पिणारा एखादा मिळाला तर त्याचं वजन बदलणार नाही. असा माणूस त्यांना गोदीतच सापडला. मार्कियो तिथं जहाजांच्या फळ्यांतल्या फटींत ताग ठोकून वर डांबर ओतायचं काम करी. शेहेचाळीस वर्षांचा, दारू न पिणारा, आणि वजन बरोबर पावणेदोन मण. चिलखत, ढाल आणि घुबडासह ओर्सेत्ताचंही तेवढंच. गोदीच्या तागाच्या वखारीतल्या काट्यावर दोघांचं वेगवेगळ्या दिवशी वजन झालं, आणि काटा केसभरही हलला नाही.

"लग्नाची पत्रिकासुद्धा इतकी जुळत नाही रे," तोमा मिस्त्री म्हणाले. मार्कियो लाजला. मिस्त्री लगेच पुढं म्हणाले, "आता जिवात जीव असेपर्यंत पोट सांभाळ. दर शनिवारी काट्यावर येत जा. मला गोणी हवी आहे, माणूस नको."

तेव्हापासून थिएटरातले सगळे त्याला गोणी म्हणू लागले. "गोणी आली का?" "गोणी, जरा बाजूला सरक." मार्कियोला वाईट वाटत नसे. गोदीत त्याला कुणी काहीच म्हणत नसे.

तो राहायचा तानाच्या कालव्यावर, एका नावा दुरुस्त करणाऱ्या नावाड्याच्या माळ्यावर. आईबाप गेले, बहीण तोर्चेल्लोला मठात, लग्न करायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे कुणी मोडलं नाही, कुणी अडवलं नाही. एखादं खिळ्याला टांगलेलं काम जसं दिवसेंदिवस टांगलेलंच राहतं, तसं. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसे, दुसरीवर टोपी ठेवी. मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळताना तो पातेल्याशी बोले, आणि पातेलं वेळेवर रटरटलं की त्याला उत्तर दिल्याचं समाधान मिळे.

त्या साली नाटक होतं 'हॅनिबलचा विवाह'. इतिहासात रोमशी लढलेल्या कार्थेजच्या हॅनिबलनं शेवटी विष घेतलं, हे शाळेत चार दिवस गेलेल्यालाही ठाऊक आहे. पण दमट बाकावर साडेतीन तास बसलेला व्हेनिसचा माणूस विष पाहून घरी जायला तयार नसतो. त्यामुळं इथं हॅनिबल पेला ओठाला लावतो न लावतो तोच मिनर्व्हा ढगातून उतरते, रोमला क्षमा करायला लावते आणि बिथिनियाच्या राजकन्येशी त्याचं लग्न लावून देते. इतिहास कितीही चुकलेला असो, आम्ही तो कार्निव्हलच्या आत दुरुस्त करून देतो.

देवीनं घाईनं उतरणं बरं दिसत नाही, म्हणून उतरायच्या वेळी गाणं नव्हतं. नुसती व्हायोलिनं वाजत, सोळा मात्रा, अगदी सावकाश. त्यातल्या मधल्या दोन मात्रा अशा की ढगाच्या फटीपाशी, हातभर अंतरावर, देवी आणि गोणी एकमेकांसमोर येत. दोन मात्रा म्हणजे दोन श्वास. तेवढ्यात एक प्रश्न मावे, किंवा एक उत्तर. दोन्ही मावत नसत.

ओर्सेत्ता बोलायची कारण तिला उंचीची भीती वाटायची. ती कियोज्जा या कोळ्यांच्या गावची, मासळी बाजारातल्या आवाजाची, पस्तिशी ओलांडलेली. राजकन्येचं काम आता मिळत नव्हतं आणि म्हातारीचं अजून घ्यायचं नव्हतं. मधल्या वयाच्या बाईला देवीशिवाय दुसरं काय देणार? खाली बघणं तिला जमत नसे. म्हणून ती तिरप्या नजरेनं ढगाच्या फटीतून बघे, आणि तिथं मार्कियो असे.

दुसऱ्या प्रयोगाला तो रुमाल घेऊन गेला आणि तिला दाखवला. ती म्हणाली, "आज शिंक नाही वाटतं."

तिसऱ्याला तिनं विचारलं, "तुम्ही कोण?"

"गोणी," मार्कियो म्हणाला, आणि दोन मात्रा संपल्या.

चौथ्याला ती म्हणाली, "ते दिसतंच आहे. नाव काय?" मग शुक्रवार आला, शुक्रवारी थिएटर बंद. अशा रीतीनं एका माणसाला आपलं नाव सांगायला तीन दिवस लागले. शनिवारी तो "मार्कियो" म्हणाला तेव्हा आवाज इतका जपून ठेवल्यासारखा आला, की ती हसली आणि तिचं शिरस्त्राण कलतं झालं.

विहिरीवर दोन बायका कळशी भरेपर्यंत जेवढं बोलतात, तेवढं बोलायला त्या दोघांना अर्धा कार्निव्हल पुरला नाही. पण मार्कियोचा दिवस भरून गेला. सकाळी डांबर उकळताना तो रात्रीचं उत्तर घोटत बसे. तिनं आदल्या दिवशी विचारलेलं असे, "आज काय खाल्लं?" मग "घेवड्याचं कालवण" म्हणावं की "घेवडा" एवढंच म्हणून एक मात्रा वाचवावी? वाचलेल्या मात्रेत काय म्हणावं?

तुम्ही म्हणाल, खाली उतरून बोलायचं होतं. तेच तर जमत नव्हतं. ती खाली पोहोचली की तो वर असायचा. नाटक संपून, टाळ्या संपून, तोमा मिस्त्री शिडी लावून "उतर रे गोणी" म्हणेपर्यंत ओर्सेत्ता मुखवटा आणि काळा झगा चढवून पाण्याकडच्या दारानं निघून गेलेली असे. कार्निव्हलात सगळं शहर काळ्या झग्यात. एकदा तो धावत धक्क्यावर गेला आणि एका गोंडोल्यात बसणाऱ्या झग्याला बाईसाहेब समजून म्हणाला, "सिओरा, घेवडा." आतून एका वकिलाचा आवाज आला, "काय म्हणता?"

नाटकाचे शेवटचे दोन आठवडे राहिले तेव्हा मार्कियोनं ठरवलं की तिला जेवायला बोलवायचं. त्याला आयुष्यात फार काही मागायचं नव्हतं. एकदा, दिवसाउजेडी, जमिनीवर, ती समोर बसलेली असावी आणि बोलणं दोन मात्रांत संपू नये. बस्स. त्यासाठी त्यानं वाक्य रचलं: "सिओरा, आपल्याला गैर वाटणार नसेल तर येत्या रविवारी दुपारी गरिबाच्या घरी जेवायला येण्याची कृपा करावी." पातेल्यापुढं म्हणून पाहिलं. ते म्हणता म्हणता एखादी देवी दोनदा उतरून गेली असती. त्यानं छाटायला सुरुवात केली. कृपा गेली, गरीब गेला, गैर वाटणं गेलं.

मंगळवारी ढगामागं तो म्हणाला, "रविवारी जेवायला या."

बुधवारी तिनं विचारलं, "कुठं?"

गुरुवारी त्यानं सांगितलं, "तानाचा कालवा, दुसरा पूल, माळ्यावर."

शनिवारी ती म्हणाली, "बरं." आणि खाली गेली. त्या दिवशी छपराशी टांगलेल्या मार्कियोला तोमा मिस्त्रींनी तीनदा हाक मारली, तरी त्याला उतरायची घाई नव्हती.

शनिवारीच सकाळी तो काट्यावर चढला होता. पावणेदोन मण, तंतोतंत. "असाच राहा," तोमा मिस्त्री म्हणाले होते.

रविवारी त्यानं पहिल्या प्रार्थनेलाच हजेरी लावली आणि पाद्रीबाबांनी हात खाली घेण्याआधी तो घरी होता. कांद्यात मुरवलेल्या सार्डिन मासळ्या त्यानं तिच्या 'बरं'ची वाट न पाहता शुक्रवारपासूनच झाकून ठेवल्या होत्या. खारवलेली मासळी घातलेल्या जाड शेवया केल्या. बदकाच्या पोटात यकृत आणि पाव भरून ते खालच्या नावाड्याच्या भट्टीत भाजून आणलं. फ्रितोले, म्हणजे कार्निव्हलचे किसमिस घातलेले गोड वडे, तळले चोवीस. बारा बारा. दुसऱ्या खुर्चीवरची टोपी उचलून खिळ्याला लावली.

दुपारची घंटा झाली. त्यानं खिडकीतून पुलाकडे पाहिलं. पुलावरून एक काळा झगा आला आणि पुढं गेला. मग दुसरा आला. तिसरा आला तो नावाड्याची सासू निघाली. शेवया गार झाल्या तेव्हा त्या परत गरम केल्या. दुसऱ्यांदा गरम केल्यावर त्यांचा एकच गोळा झाला. त्यानं बदक झाकलं, उघडलं, झाकलं. ऊन पुलाच्या एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर गेलं.

उपवासाचे चाळीस दिवस दहा दिवसांवर आले होते. अन्न टाकायचं नाही हे त्याच्या आईनं त्याच्या हाडात भरलं होतं. आणि खाली नावाड्याला द्यायचं तर त्यानं विचारलं असतं, "का रे, कोण यायचं होतं?" म्हणून मार्कियो बसला आणि जेवला. आधी आपल्या ताटातलं. मग समोरच्या ताटातलं. त्या ताटातलं खाताना तो तिकडच्या बाजूला जाऊन बसला, कारण हात लांब करून दुसऱ्याच्या ताटातलं खाणं बरं दिसत नाही. बाराव्यानंतरचे बारा फ्रितोले त्यानं एकेक करून, औषधासारखे संपवले.

संध्याकाळी तो काखेत दोर अडकवून उभा राहिला तेव्हा दोर रुतला. पण त्याचं लक्ष नव्हतं.

हॅनिबलनं पेला उचलला. हॅनिबल करणारा, पिस्तोइयाहून आणलेला उंच आवाजाचा गायक फार सुंदर मरायला निघायचा. व्हायोलिनं सुरू झाली. खाली पडद्याआड तोमा मिस्त्रींनी नेहमीसारखा एका हातानं चाकाला धक्का दिला. चाक हललं नाही. दुसरा हात लावला. खांदा लावला. एवढ्या वर्षांत त्यांना कधी मदतनीस लागला नव्हता, आणि लागला असता तरी त्या वेळी कुणी मोकळं नव्हतं. थिएटर गरीब, त्यामुळं शेवटच्या प्रवेशात झाडून सगळे कामगार भाले घेऊन कार्थेजचं सैन्य म्हणून रंगमंचावर उभे असत. म्हातारबुवांनी दातओठ खाऊन ढग अर्ध्यापर्यंत आणला आणि तिथं पट्टा सुटला. चाकाचा नव्हे, त्यांचा. त्यांनी चाकात खुंटी ठोकली आणि खाली बसले.

देवी आणि गोणी समोरासमोर थांबले. दोन मात्रा झाल्या, चार झाल्या, सोळा झाल्या. व्हायोलिनवाल्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"काय झालं?" ओर्सेत्ता ओठ न हलवता म्हणाली.

"मी जड झालोय."

"म्हणजे? काल तर ठीक होतात. किती जेवलात?"

मार्कियोनं घुबडाकडे पाहिलं. "दोघांचं," तो म्हणाला.

खाली हॅनिबलनं आपलं मरणाचं गाणं दुसऱ्यांदा सुरू केलं. गोंडोलेवाले फुकट बसायचे त्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "पिऊन टाक रे एकदाचं! बायको घरी वाट बघतेय!" दुसरा म्हणाला, "देवीबाई, उतरताय का शिडी आणू?" थिएटर हसलं.

ओर्सेत्तानं भाला ढगाला टेकवला. मग म्हणाली, "अहो, ते खरं होतं?"

"काय?"

"जेवण. मला वाटलं, मी घाबरू नये म्हणून तुम्ही रोज काहीबाही बोलता. घेवडा काय, माळा काय. मी आपली बरं म्हणाले. मी सर्दीनं दोन दिवस नुसतं जवाचं पाणी घेऊन पडलेय हो. माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं."

मार्कियोकडे आता हवा तेवढा वेळ होता. सकाळपासून घोटलेली, आठवडाभर साठवलेली सगळी वाक्यं होती. कृपा, गरीब, गैर वाटणं, काहीच छाटायची गरज नव्हती.

"नाही हो," तो म्हणाला. "तुम्ही घाबरू नये म्हणूनच बोलत होतो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. खालून "शिडी! शिडी!" असा ठेका सुरू झाला होता. हॅनिबलनं पेला या हातातून त्या हातात घेतला होता आणि कार्थेजच्या सैन्यातला एक जण उघड जांभई देत होता.

"बूट काढा," ओर्सेत्ता म्हणाली.

"काय?"

"बूट काढा आणि इकडे द्या. तुमचं कमी होईल, माझं वाढेल. कियोज्जाला तराजू बघतच मोठी झालेय मी. लवकर!"

गोदीतले बूट, डांबरानं शिशासारखे झालेले. त्यानं लोंबकळत एक काढला, मग दुसरा. तिनं ते झग्याच्या आत, चिलखताच्या पट्ट्याला अडकवले. "कोट." दोरावरून नुसता पांघरलेला कोट त्यानं दिला. खिशातली ठोकणी, दोन छिन्न्या, रुमालसुद्धा दिला. रुमालाचं वजन किती असणार, पण दिला. शेवटी तिनं पोटाशी गच्च ढाल धरली आणि म्हणाली, "मिस्त्री, खुंटी काढा."

मिनर्व्हा उतरली. जरा फुगलेली, जरा डांबराचा वास येणारी, पण उतरली. हॅनिबलनं पेला इतक्या मनापासून फेकला की तो राजकन्येला लागता लागता राहिला. लोक उभे राहिले. त्या सालात इतक्या टाळ्या कुठल्याच देवाला पडल्या नाहीत. मार्कियो अनवाणी वर गेला आणि तुळईला डोकं टेकून त्या टाळ्या ऐकत राहिला. तिचं गाणं आज नाकात होतं. पहिल्यांदाच तिनं क्षमा हा शब्द म्हणताना मान वर केली, पण तिथून ढगाशिवाय काही दिसत नाही.

शिडी यायला त्या दिवशी फार वेळ लागला, कारण मिस्त्रींना आधी उताणं झोपवावं लागलं. मार्कियो खाली आला तेव्हा शिडीच्या पायाशी बूट जोडीनं ठेवलेले होते, वर घडी घातलेला कोट. त्यानं दोन्ही बुटांत हात घालून अगदी टोकापर्यंत चाचपून पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की तिला लिहिता येत नाही आणि आपल्याला वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तोमा मिस्त्री पाठीला गरम विटेचा शेक घेत त्याला म्हणाले, "गाढवा, जेवलास ते जेवलास. अर्धं देवीच्या पोटात गेलं असतं तर दोन्हीकडे सारखंच झालं असतं. एकट्यानं खाल्लंस म्हणून घोटाळा." त्यांना कोण येणार होतं ते ठाऊक नव्हतं. ते आपले काट्याचं बोलत होते.

राहिलेल्या आठ प्रयोगांना वाळूची गोणी बांधली आणि मार्कियोला मिस्त्रींच्या जागी खाली पडद्याआड चाकावर ठेवलं. कार्निव्हल संपल्यावर ओर्सेत्ता मांतोव्याच्या एका थिएटरात गेली आणि परत आली नाही. पुढच्या वर्षी मालकांनी थिएटरच्या जागेत खारवलेल्या मासळीचं कोठार काढलं.